सुयांआधीचे प्रश्न

बेबाबाई सुरवाडे चौदा वर्षांच्या असल्यापासून दर महिन्याला दोन दिवस आडव्या पडत. पुढे त्या भुसावळजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स झाल्या. दुसऱ्यांची बाळंतपणं करायच्या, आणि पाळीच्या दिवसांत स्वतः गरम पाण्याची पिशवी ओटीपोटाशी धरून भिंतीला टेकून बसायच्या. नवरा जीवराम दीपनगरच्या वीज केंद्रात कामाला होता. मुलं झाली की दुखणं थांबेल असं सगळे म्हणाले होते. दोन मुली झाल्या, तरी ते थांबलं नाही. १९८३ साली एका डॉक्टरांनी गर्भपिशवी काढून टाकायला सांगितलं. बेबाबाई तेव्हा तेहतीस वर्षांच्या होत्या. त्यांनी ऑपरेशनची तारीखही घेतली.

त्याआधी त्या नणंदेकडे धुळ्याला गेल्या. तिथल्या एका धर्मादाय दवाखान्यात लीलाधर डॉक्टर सुया टोचून इलाज करतात असं नणंदेनं सांगितलं. हे डॉक्टर कलकत्त्याला राहून ॲक्युपंक्चर ही चिनी विद्या शिकून आले होते. बेबाबाईंचा विश्वास नव्हता, पण रिकाम्या बसण्यापेक्षा जाऊन यावं म्हणून गेल्या. डॉक्टरांनी जीभ पाहिली, दोन्ही हातांची नाडी पाहिली आणि केसाएवढ्या बारीक सुया लावल्या. दोन ओटीपोटावर, दोन पायांना, आतल्या घोट्याच्या वर चार बोटं सोडून. बेबाबाईंनी ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली आणि दर शनिवारी एसटीनं धुळं गाठू लागल्या. चौथ्या महिन्यात पाळी आली ती त्यांना लसीकरण चालू असताना कळली. दुखलं नव्हतं. ऑपरेशन राहिलं ते राहिलंच.

मग त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "मला हे शिकवा."

दीड वर्ष त्या शिकल्या. शेवटी डॉक्टरांनी हातानं लिहून एक प्रमाणपत्र दिलं. सोबत पाळी नियमित होण्यासाठीच्या काळ्या चिनी गोळ्यांची डबीही दिली. पुढच्या शनिवारी बेबाबाईंनी ती परत आणली.

"याच्यावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही. मी बायांना देणार नाही."

"मलाही येत नाही," डॉक्टर म्हणाले आणि डबी खणात ठेवली.

दीपनगरच्या क्वार्टरमध्ये पुढच्या खोलीत, रविवारी सकाळी, बेबाबाई सुया लावू लागल्या. सुया प्रेशर कुकरमध्ये वाफवून घ्यायच्या. आधी कॉलनीतल्या बायका आल्या, मग वरणगाव, सावदा, रावेरकडच्या येऊ लागल्या. मूल होत नाही म्हणून आलेल्यांना त्या स्पष्ट सांगत, "मूल होईल असं मी म्हणणार नाही. आधी नवऱ्याची तपासणी करून आण." यावर बऱ्याच सासवा उठून जात. घोट्याजवळची सुई गरोदर बाईला लावायची नाही, म्हणून शेवटची पाळी कधी आली एवढं त्या प्रत्येकीला विचारत.

१९८८ च्या उन्हाळ्यात सावद्याकडच्या एका केळीवाल्या घरातल्या द्रौपदाबाई आल्या. वय पंचावन्न. बरोबर सून सुगंधाबाई होती. कंबर आणि ओटीपोट दुखतं, रात्र जात नाही, असं द्रौपदाबाईंनी सांगितलं.

"पाळी?"

"ते बंद होऊन चार वर्सं झाली व माय."

पाळीच नाही म्हटल्यावर बेबाबाईंनी पुढे काही विचारलं नाही. दर रविवारी सुया लावल्या. महिन्याभरात दुखणं निम्म्यावर आलं. द्रौपदाबाई गावात सांगत सुटल्या, आणि त्यांच्या नावानं आणखी चारजणी आल्या.

तिसऱ्या महिन्यात सुगंधाबाई माहेरी गेली होती, म्हणून द्रौपदाबाई मुलाबरोबर आल्या. मुलगा अभिमन बाहेर ओट्यावर बसला. सुया लावून झाल्यावर द्रौपदाबाई म्हणाल्या, "दुखणं तं गेलं. आता ते लाल दिसते तेवढं बंद करून दे."

"काय दिसते?"

"पाळीवानी. दोन-चार दिसाआड. होळीपासून."

बेबाबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. मग विचारलं, "आक्का, मला आधी का नाही सांगितलं?"

"सून बसेल व्हती ना इथं. आन तू कुठं इचारलं?"

बेबाबाईंनी सगळ्या सुया काढल्या आणि बाहेर जाऊन अभिमनला म्हणाल्या, "यांना उद्याच जळगावला दाखवा. उद्याच. परवा नाही."

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, बराच पसरलेला. मुंबईला नेऊन किरणांचा शेक देऊन आणलं. पुढच्या वर्षी पोळ्याच्या आधी द्रौपदाबाई वारल्या.

बेबाबाईंनी सुया बंद केल्या. जीवराम म्हणाला, "तू काय मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम नाही. पण दुखत राहिलं असतं तर ती तीन महिने आधी दवाखान्यात गेली असती. ते दुखणं मी बंद केलं."

धुळ्याला जाऊन त्यांनी हेच डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडूनही झालं असेल. मला कळलं नसेल, एवढंच."

अभिमनच्या घरीही त्या गेल्या आणि झालं ते जसंच्या तसं बोलल्या. अभिमन ऐकून शेताकडे निघून गेला. सुगंधाबाईनं चहा ठेवला. ती म्हणाली, "सासूबाई शेवटपर्यंत म्हणत व्हत्या, बाईच्या हातानं बरं वाटलं." बेबाबाईंना वाटलं, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कपातला चहा संपवणं त्यांना जड गेलं.

तीन-चार महिन्यांनी कॉलनीतली एक मुलगी पोटात कळा येऊन दाराशी रडत बसली, तेव्हा त्यांनी सुया पुन्हा काढल्या. पण पद्धत बदलली. बरोबर आई असो, सासू असो, नवरा असो, त्याला बाहेर बसवायचं. दार लावायचं. अंगावर जातं का, लाल दिसतं का, संबंधानंतर दिसतं का, वास येतो का, हे सगळं विचारायचं. शंका आली तर डॉक्टरांचा तपासणीचा कागद आणल्याशिवाय सुई नाही. बायका चिडत. "सुया लावायला आलो का उलटतपासणीला?" असं तोंडावर म्हणत. रविवारची गर्दी निम्मी झाली. पुढच्या सात-आठ वर्षांत त्यांनी जळगावला पाठवलेल्यांपैकी तिघींचा आजार वेळेत सापडला. आणखी एकीचा सापडूनही उपयोग झाला नाही. बाकीच्या बहुतेकींना काही नव्हतं. त्या परत येऊन खर्च वाया गेला म्हणून बोलून जात आणि मग सुया लावून घेत.

१९९७ साली जीवराम निवृत्त झाला. क्वार्टर सोडून दोघं भुसावळला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेली. बेबाबाईंच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. सुया त्यांनी धुळ्याच्या दवाखान्याला देऊन टाकल्या. तरी बायका पत्ता शोधत येत. सुया नाहीत म्हटल्यावर काही लगेच उठत. काही मात्र बसून राहत, आणि बेबाबाई बरोबरच्या माणसाला बाहेर जायला सांगत.