परवाना तीन वर्षं खिशात होता

आज गावाहून परतताना अमेरिकेच्या विमानतळावर ग्रीन कार्डाच्या अर्जावर मिळालेला प्रवासाचा परवाना दाखवला आणि दहा मिनिटांत बाहेर आलो. फोनवर वकीलबाई म्हणाल्या, "त्याच कंपनीत काम चालू ठेवा. वर्क व्हिसाही पुढं वाढवून मिळतो."

मित्रांनो, मी तीन वर्षं माण तालुक्यातल्या घरी गेलो नव्हतो. इथला गावकीतला दादा म्हणाला होता, "परवान्यावर परत आलास की व्हिसा गेलाच." गावच्या माणसानं सांगितल्यावर वकिलाला कोण विचारतंय?

दर जत्रेला माझ्यासाठी बोकड राखणाऱ्या माझ्या वडिलांनी, आण्णांनी, या खेपेला माझं तोंड हातानं चाचपलं.

"मिशी कवा ठेवलीस रं?"

मिशी दोन वर्षांची आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आण्णा म्हणायचे, "दिसतूस की. लय ब्येस दिसतूस."