लाल गाडीचे दोष

तोआ पायोह या वस्तीतल्या आमच्या ब्लॉकखालच्या पार्किंगमध्ये एक चिनी म्हातारा दर रविवारी आपली जुनी, लाल अमेरिकन मसल कार पुसत असतो. जुन्या गाड्यांसाठीच्या इथल्या नियमाने ती वर्षातले मोजकेच दिवस रस्त्यावर काढता येते; तो तेवढेही काढत नाही. इंजिन चालू करतो, डोळे मिटून त्याची घरघर ऐकतो आणि बंद करतो.

मला ती गाडी हवी होती. जहाजांचे सुटे भाग विकून मी वर आलोय. घ्यायच्या मालाला आधी नावं ठेवायची, हे मला कोणी शिकवायला नको.

"अंकल, दार गंजलंय, सीट फाटलीय, इंजिन खोकतंय," मी म्हणालो.

"बरोबर. ब्रेकही नीट लागत नाहीत, लाह," इथल्या लकबीत शेवटी 'लाह' जोडत म्हातारा म्हणाला. "इतकी वाईट गाडी तुला कशी विकू?"

माझं डोकंच फिरलं. माझ्याच हत्याराने मला आजवर कोणी मारलं नव्हतं.

गेल्या महिन्यात एक गिऱ्हाईक गाडीची तोंडभरून स्तुती करत होतं. म्हातारा विरघळायला लागला. मी ताडकन पुढे झालो आणि सगळे दोष ओरडून सांगितले. गिऱ्हाईक पळालं.

म्हाताऱ्याने एक फडकं माझ्या हातात ठेवलं. तेव्हापासून गंजलेलं दार मीच पुसतो. त्याच्या त्या उत्तराचा राग मात्र अजून गेलेला नाही.