बाहेरून कडी

द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात मी ओढणी बदलून घ्यायला गेले होते. दुकानदार पन्नाशीचा, फार मऊ बोलणारा. ओढणीची घडी घालताना तिच्यावरून हळूच तळहात फिरवायची त्याला सवय होती.

तेवढ्यात मागच्या गोदामाचं दार आतून धडधडलं.

"काही नाही, ताई," तो म्हणाला. "शाळेतली मुलगी आहे. कानातलं पिशवीत टाकताना सापडली. आई येईपर्यंत बसवून ठेवलंय."

घरी आलेल्या पाहुणीबद्दल बोलावं तसं तो म्हणाला, बसवून ठेवलंय. दाराला मात्र बाहेरून कडी होती.

"उघडा आधी," मी म्हटलं.

"आणि पळाली म्हणजे? बोटसुद्धा लावलं नाही हो मी तिला."

दार पुन्हा वाजलं. मग एकदम थांबलं. त्याचाही हात ओढणीवर तसाच राहिला, पण कडीकडे काही गेला नाही. मी पोलिसांना फोन लावला.

हवालदार बाई आल्या आणि त्यांनीच कडी काढली. "शेठ, चोरीचं नंतर बघू. अल्पवयीन मुलीला डांबून ठेवलंत तुम्ही. गुन्हा आहे हा. चला चौकीत."

'डांबून' हा शब्द ऐकून तो खरोखर दुखावला. "डांबलं कुठं, मॅडम? पंखा लावून दिला होता."

पंखा खरंच चालू होता. दार सताड उघडं होतं, तरी मुलगी कोपऱ्यातून उठत नव्हती.