धारच्या पाण्यावरची वेल

प्रिय रोहिणी आणि अमेय,

परवा फोनवर तुम्ही हसलात – "आजी, एवढ्या छान कुंड्या पाठवल्या, आणि तू मनीप्लांट त्या जुन्या औषधाच्या बाटलीतच ठेवतेस!" पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, म्हणून आत्ताच स्वतःच्या हाताने लिहिते. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी इंग्रजी शिकलेली, शाळेत मुलींना सायन्स शिकवणारी बाई. तरीही...

संस्थानं विलीन झाली त्यानंतरचा उन्हाळा. आम्ही देवासला टेकडीखाली दोन खोल्यांत राहत होतो. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. माझी आई धारला एकटी, तापाने अंथरुणाला खिळलेली. तुमचे आजोबा तिला मोटारीने घेऊन आले. बरोबर पाण्याची सुरई आणि बाटलीतली ही वेल – हिरव्या पानांवर दूध सांडल्यासारखे डाग.

नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा आईचा नेम. म्हणून सुरईत धारचं पाणी.

"आई, आजारपणात कसला नेम?" आजोबा म्हणाले.

"जावईबापू, नातू दाखवा, तुमची अख्खी विहीर पिते!"

मी उठून स्वयंपाकघरात गेले.

वेलीलाही ती तेच पाणी घालायला लावी. "तीही माझ्याबरोबर आलेली पाहुणीच!" सुरई संपत आली तेव्हा आजोबा पाणी आणायला धारला गेले. उरलेलं आईने वेलीलाच घालायला लावलं – "माझं काय, पिकलं पान." मी बाटली काठोकाठ भरून उंच कोनाड्यात ठेवली. स्टुलाशिवाय तिथे माझाही हात पोचत नसे.

दुपारी आईचा ताप चढला. ओठ फुटले. मी चमच्याने पाणी द्यायला गेले, तर तिने दात घट्ट मिटले. बाहेरून कडी लावून मी डॉक्टरांकडे धावले.

डॉक्टरांना घेऊन आले, कडी काढली, तर आई शांत पडलेली. ओठ ओले, हनुवटीवर थेंब.

"पोटभर प्यायले ग. धारचंच होतं."

"कोणी दिलं?"

"दिसलं नाही. हात गार होता."

मी वर पाहिलं. बाटली कोरडी, मुळं काचेला चिकटलेली. वेल जशीच्या तशी, जमीन सुकी, स्टूल स्वयंपाकघरात. आणि आईला तर आधाराशिवाय कूसही बदलता येत नव्हती.

"लू चल रही है, बहनजी, उड़ गया होगा," डॉक्टर म्हणाले. भरलेली बाटली? एवढ्यात? मी उतरवून पाहिली – तडाही नव्हता.

संध्याकाळी ताप उतरला. आईचं लक्ष वेलीकडे गेलं. "तिला पाणी?"

"आता आपल्या विहिरीचंच आहे."

"घाल. मरू नको देऊस तिला."

सकाळी गुंडाळलेलं नवं पान उलगडलं होतं – अर्धं पांढरं. आई बघत राहिली. "हिला मानवलं. मग मी कोण मोठी लागून गेले? आण तांब्या."

आजोबा घामाघूम होऊन, भरलेली सुरई खांद्यावर घेऊन दारात आले, तर सासूबाई देवासचं पाणी पीत बसलेल्या!

"उशीर केलात, जावईबापू."

आई मग आमच्याकडेच राहिली. पुढे तुमच्या बाबांना तिने मांडीवर खेळवलं. त्या दुपारी तिला पाणी कोणी पाजलं, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

आई गेली, सुरई फुटली. बाटली आहे, आणि तिच्यात वेल आहे.

– आजी