कवळीकाकांची सही

कवळीकाका माणसं जबड्यावरून ओळखायचे. खालच्या दातांच्या दवाखान्यातून प्लास्टरचे साचे वर यायचे, काका मेणात एकेक दात बसवून कवळ्या तयार करायचे आणि खाली पाठवायचे. रस्त्यात कुणी तोंड भरून हसलं की मनात म्हणायचे, हा वरचा सुळा आपला. हसणाऱ्याला मात्र हे गृहस्थ कोण, याचा पत्ता नसायचा.

दवाखान्याच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची भाड्याची खोली. एकोणीस वर्षं झाली. पुढच्या अर्ध्यात कामाचं टेबल, मागच्या अर्ध्यात संसार, म्हणजे एक पलंग आणि दोन पातेली. थोरले डॉक्टर वारल्यावर इमारत आणि दवाखाना दोन्ही मुलाकडे आलं. धाकट्या डॉक्टरांना ती खोली एक्स-रेच्या मशीनसाठी हवी होती. दोनदा गोडीगुलाबीने विचारून झालं होतं.

तिसऱ्यांदा विचारलं नाही. साच्यांच्या ट्रेमध्येच एक पाकीट आलं. भाड्याचा चेक बँकेतून परत आला आहे, सबब तीस दिवसांत खोली रिकामी करावी.

काका तडक बँकेत गेले. काउंटरवरच्या क्लार्कने चेकची प्रत पुढ्यात ठेवली.

"पैसे आहेत हो, काका. सही जुळत नाही."

"माझीच आहे."

"असेल. पण ही केलेली दिसत नाही, काढलेली दिसते. कुणीतरी गिरवल्यासारखी."

गिरवलेलीच होती. आठ महिन्यांपासून काकांचा उजवा हात थरथरत होता. कामाला बसलं की कोपर टेबलावर रोवून, करंगळी साच्याला टेकवून निभायचं. सहीला असा टेकू नव्हता. म्हणून त्यांनी जुना रद्द चेक खिडकीच्या काचेवर धरला, वर नवा ठेवला आणि शेजारच्या दाताशी दात जुळवावा तशी एकेक रेघ जुळवत नेली. अर्धा तास खपले होते.

भाडेकरू संघाच्या कार्यालयात दोन खुर्च्या आणि एक वकीलबाई होत्या. त्यांनी नोटीस वाचून बाजूला सारली.

"नोटीस आली म्हणून लगेच गाठोडं बांधायचं नसतं. खोली सोडायला लावायची तर त्यांना कोर्टात जावं लागेल. जुन्या पावत्या आहेत?"

"सगळ्या."

"छान. भाडं आजच पोचतं करा, पोच घ्या. आणि उत्तरात चेक का परत आला ते लिहा."

"सही चुकली म्हणून लिहा."

"का चुकली, हे विचारणारच. मुद्दाम खोटी केली म्हणतील. हाताचं लिहू, डॉक्टरांचा दाखला जोडू."

"डॉक्टरलाच डॉक्टरचा दाखला?"

"दुसऱ्या डॉक्टरचा हो!" बाई हसल्या. काका हसले नाहीत.

"बाई, हात थरथरतो म्हटल्यावर मला काम कोण देईल?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "तिथे नोकरीला आहात?"

"नाही. नगावर."

"मग खोलीपुरतंच मी लढू शकते."

काकांनी भाडं त्याच दिवशी रोख भरलं, उत्तराला मात्र दोन दिवस घेतले. दरम्यान बहिणीला फोन केला. तिने नातवाच्या खोकल्याचं सविस्तर सांगितलं, आणि "तुझं काय?" विचारेपर्यंत तिच्या दाराची बेल वाजली म्हणून ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी काकांनी उत्तर पाठवलं, दाखल्यासकट. बँकेत सहीचा नवा नमुनाही दिला.

"तिन्ही सह्या एकसारख्या हव्यात," क्लार्क म्हणाला.

"तिन्ही हलतील, एवढं नक्की," काका म्हणाले.

उत्तर पोचलं त्याच दुपारी धाकटे डॉक्टर स्वतः जिना चढून आले. काकांचा उजवा हात आपल्या तळहातावर घेऊन त्यांनी बराच वेळ पाहिला.

"मला सांगायचं नाही का, काका?"

"सांगून काय केलं असतं तुम्ही?"

डॉक्टरांनी हात अलगद टेबलावर ठेवला. "नोटीस मागे घेतोय. भाडं खाली देत जा, पावती मिळेल." दारापाशी ते थांबले. "हातातली कवळी तेवढी पुरी करा."

ती पुरी करायला चार दिवस लागले. त्यानंतर ट्रे आला नाही. एकदा जिन्यात पावलं वाजली म्हणून काकांनी दार उघडलं, तर दवाखान्यातल्या मावशी बादली घेऊन वर चालल्या होत्या.

"गच्चीवर चाललेय, काका. टॉवेल वाळत घालायला."

एक तारखेला काका चेक घेऊन खाली गेले. सही हललेली, पण त्यांची होती. मावशी पावती लिहीपर्यंत ते पेशंटांच्या बाकावर टेकले. समोर एक म्हातारेबुवा पिशवीतून बिस्किट काढून खात होते. वरची कवळी नवी, शेवटची. डावीकडे चावताना सरकत नव्हती, आवाज करत नव्हती. नीट बसली होती.

काका त्या जबड्याकडे बघत राहिले. बुवा जरा अवघडले, आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं.