घाटापलीकडची माणसं मोजणारा

लहानूदादांवर मी लिहावं का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पेपरच्या पुरवणीत लिहिणारी माणसं वेगळी असतात असं मला वाटत आलंय. आणि खरं सांगायचं तर दादांनी मला एकच काम सांगितलं होतं, ते लिहिण्याचंच होतं. ते वेळेवर झालं नाही आणि आता दादा गेल्यावर मी लिहायला बसलोय... वाचणाऱ्यांनी, आणि त्याहून आधी वहिनींनी, मला माफ करावं.

दादा जीप चालवायचे. आमच्या पाड्यावरून मोखाड्याला आणि परत. आमच्याकडे सीटा भरल्याशिवाय जीप हलत नाही, त्यामुळे परतीच्या वेळी मोखाड्यात तासभर सहज जायचा. त्या तासात दादा बॉनेटला टेकून पेपर वाचायचे. मोठ्याने, आत बसलेल्यांना ऐकू जाईल असं. शिक्षण सातवीपर्यंत, पण वाचताना मध्येच थांबून आत बघायची सवय होती. एकदा त्यांनी वाचलं, "पाण्याच्या सोयी दुप्पट झाल्या." मागच्या बाकावरून टोपली मांडीवर घेतलेली एक म्हातारी म्हणाली, "कुठं रं झाल्या? आमची होती ती विहीर पन आटली." दादा म्हणाले, "आजे, एकीच्या दोन झाल्या तरी दुप्पटच. दुप्पट कशाची, ते यांनी लिवलंच नाय." सगळी जीप हसली. मी अकरावीत होतो, खिडकीशी बसलेलो. तोपर्यंत छापलेलं खोटं असू शकतं, किंवा खरं असूनही फसवू शकतं, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. माझ्या आईला वाचता येत नाही. आमच्या घरी छापलेला कागद देवाजवळ ठेवतात.

नंतर मी जव्हारला कॉलेजात गेलो आणि सुट्टीला येताना मुद्दाम त्यांच्याच जीपची वाट बघू लागलो. "आले कालेजवाले," असं म्हणून ते पेपर माझ्या हातात कोंबायचे. "वाच. मंग सांग काय लपवलंय." एकदा पेपरात दोन खांबांचं चित्र होतं, मागच्या वर्षीचा खांब बुटका आणि यंदाचा त्याच्या दुप्पट उंच. मी म्हटलं, केवढी वाढ! दादांनी जीपमधल्या दोघांना खाली उतरवून शेजारी उभं केलं, एक दुसऱ्यापेक्षा बोटभर उंच. मग त्यांच्यापुढे चादर धरली ती थेट बुटक्याच्या भुवयांपर्यंत. "आता बघ. वर जे दिसतंय तेच मोज. हा त्याच्या दुप्पट हाय का नाय?" चादरीआडून एकजण ओरडला, "दादा, भाडं तरी निम्मं घ्या मंग!" घरी जाऊन मी ते चित्र पुन्हा पाहिलं. खांबांचे पाय खरंच कापलेले होते, मोजपट्टी शून्यापासून सुरूच होत नव्हती.

पण दादा हे सगळं नुसतं हसवण्यासाठी करत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्याकडे साप चावलेल्या माणसाला आधी मंत्र घालणाऱ्या भगताकडे नेतात. तिथे गुण आला नाही तर दादांच्या जीपमधून घाटाच्या अलीकडच्या दवाखान्यात, आणि तिथे इंजेक्शन देऊनही माणूस खालावला तर घाट चढून पलीकडच्या जिल्ह्यातल्या मोठ्या दवाखान्यात. तो घाट दादा किती वेळा चढले असतील, त्यांनाच माहीत. एकदा मी त्यांच्याबरोबर त्र्यंबकला गेलो होतो. जाताना ते बोलत होते, घाट लागल्यावर गप्प झाले. मग एका वळणावर हळूच म्हणाले, "इथं रखमी." थोड्या वेळाने मोरीपाशी, "इथं जामसरची ती पोर. लगीन ठरलं होतं." मला आधी कळेना. ज्या वळणावर मागच्या सीटवरचं कण्हणं थांबलं, त्या वळणाला त्यांनी त्या माणसाचं नाव दिलं होतं. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी पुढचं प्रत्येक वळण आलं की मला नको वाटायचं... ते काही बोलले नाहीत की सुटल्यासारखं व्हायचं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेपाशी एक रुग्णवाहिका उभी असायची. आत इंजेक्शन, बरोबर एक नर्स. त्या चार महिन्यांत दादांना घाट चढावा लागला नाही. यंदा ती पुन्हा मिळावी म्हणून उन्हाळ्यात ग्रामसभा झाली. वरून आरोग्य खात्याचे एक साहेब आले होते. सभा सुरू होताना कोणीतरी म्हणालं, आपला कॉलेजचा पोरगा पेपरातलं वाचून दाखवील. मी कात्रण घेऊनच गेलो होतो. त्यात आमच्या भागाचं कौतुक होतं आणि मथळा होता, गेल्या पाच वर्षांत सर्पदंशाने मृत्यू शून्य. मी तो उभा राहून, आवाज चढवून वाचला. आमच्या गावाचं काही चांगलं छापून येतं तरी कधी? लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी आई पदर तोंडाला लावून हसत होती. साहेब शांतपणे म्हणाले, "अभिनंदन. मग गाडीची गरज तुमच्यापेक्षा दुसऱ्या गावाला जास्त आहे, नाही का?"

टाळ्या तर आम्हीच वाजवल्या होत्या.

दादा आले तेव्हा लोक उठायला लागले होते. मोखाड्यात सीटा भरायला वेळ लागला होता. त्यांनी कात्रण घेतलं, वाचलं आणि साहेबांना विचारलं, "हे कुठं मोजलं साहेब?" साहेब म्हणाले, दवाखान्यातल्या नोंदींवरून. "मंग बरोबर हाय. तिथं कोण मरतच नाय. मरायला आलं की पुढं धाडतात. भगताच्या दारात मेलं ते कुनी मोजलं नाय. घाटात मेलं ते माझ्या जीपमधी मेलं. माझी जीप कुठल्या दवाखान्यात धरतात?" साहेब वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, नावांसकट लेखी द्या, मी पुढे ठेवतो.

त्या संध्याकाळी दादा आमच्या अंगणात बसले. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "तू खोटं नाय वाचलंस. फकस्त पुरतं नाय वाचलंस. आता नावं मी सांगतो, तू लिव." त्यांनी एकेक वळण आठवत नावं सांगितली, मी लिहीत गेलो. आई बाहेरच्या चुलीपाशी ऐकत होती. एका नावाला ती उठून आत गेली. ते तिच्या मावसबहिणीचं होतं.

यादी घेऊन मी जव्हारला आलो. आणि इथेच मी चुकलो. मला वाटलं, आपण दुसऱ्याच्या आकड्याला खोटं म्हणतोय तर आपल्या प्रत्येक नावाला कागद हवा. मी घरोघर निरोप पाठवले. कागद बहुतेकांकडे नव्हतेच. होते ते पलीकडच्या जिल्ह्याचे, कुणाचं गाव चुकलेलं, कुणाचं वय. ते मी जुळवत बसलो. मग परीक्षा आली. एकदा दादांनी फोन केला, "गेली का रं चिठ्ठी?" मी म्हटलं, "दादा, दोन नावांचे कागद राहिलेत." ते म्हणाले, "पाऊस वाट बघल व्हय आपली?" फोनमागे जीपची घरघर ऐकू येत होती. पुढचं त्यांचं बोलणं तुटलं.

भाताची आवणी सुरू झाली. गाडी आली नाही.

त्या दिवसांत पाड्यावर रेंज नव्हती. सगळं होऊन गेल्यावर दोन दिवसांनी दुपारी आमच्या आशा सेविका कमळताई मोखाड्यात येऊन मला फोन करू शकल्या. दादा स्वतःच्या खाचरात बांध घालत असताना घोणस चावली. ते भगताकडे गेले नाहीत, सरळ जीपमध्ये मागच्या सीटवर जाऊन बसले आणि मेहुण्याला म्हणाले, चल. वहिनीही बरोबर बसल्या. अलीकडच्या दवाखान्यात इंजेक्शन मिळालं. डॉक्टरांनी मनापासून प्रयत्न केले, मग म्हणाले, पुढे न्यावं लागेल. तेव्हा दादांनी दाराची चौकट धरून ठेवली. पाय सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं, पण ते सोडेनात. "आधी माझं नाव हितं लिवा. मंग न्या." नर्स म्हणाली, लिहिलंय दादा. ते म्हणाले, काय लिवलंय ते वाचून दाखवा... तेवढा वेळ कोणाकडेच नव्हता. वहिनींनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

घाट ते पार करू शकले नाहीत. कुठल्या वळणावर, हे मी मेहुण्याला विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी यादी पाठवली, कागदांशिवाय. शेवटी दादांचं नाव जोडलं. साहेबांचं उत्तर आलं, यंदाची दवाखान्यातली मूळ नोंद बघून कळवा. मी कमळताईंना विनंती केली. आठवडे गेले. ताईंना वेळ मिळेना, आणि मिळाला तेव्हा नोंदवही दुसऱ्या टेबलावर होती. शेवटी गेल्या सोमवारी त्यांचा फोन आला. त्यांनी वही बघितली होती.

"नाव हाये," त्या म्हणाल्या. "वय बरोबर, गाव बरोबर. साप चावला, तेबी हाये."

"आणि शेवटच्या रकान्यात?"

"पुढे पाठवले."

मी विचारलं, "मग यंदाचा आपल्याकडचा आकडा?"

ताई म्हणाल्या, "शून्यच हाये अजून."