कलम सात आणि सव्वादहाचा फोन

आमच्या मागच्या रस्त्यावर राहणाऱ्या काकांइतकं बेसबॉलचं ज्ञान असलेला आणि बेसबॉल इतका कमी पाहिलेला माणूस अख्ख्या ओहायोत दुसरा सापडायचा नाही, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. टीव्हीवर सामना लावला की तिसऱ्या डावाच्या आत काका सोफ्यावर घोरायला लागतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सामन्याच्या आकड्यांचा तक्ता चष्मा कपाळावर चढवून वाचतील आणि असे बोलतील, जणू रात्रभर मैदानात पंचाच्या मागेच उभे होते. खेळाडूंची नावं त्यांना आवडत नाहीत. "तो शिकागोचा दाढीवाला", "आपला डावखुरा", "तो लग्न झाल्यापासून बिघडलेला" अशीच सगळ्यांची ओळख. त्या बिघडलेल्याचं लग्न झालेलंच नाही असं आम्ही एकदा सप्रमाण दाखवून दिलं, तर म्हणाले, "मग ठरलं असेल."

हे सगळं ज्या लीगसाठी चालतं ती आमची आठ घरांची लीग. आमच्या ओहायोतल्या डब्लिन गावातल्या आठ मराठी कुटुंबांनी खरे खेळाडू वाटून घेऊन आपापल्या कागदावरच्या टीम केल्या आहेत. ते खेळाडू मैदानात जे काही दिवे लावतील त्याचे गुण आपल्या टीमला. आज कोणाला खेळवायचं, कोणाला बाकावर बसवायचं हे मात्र आपण ठरवायचं. त्याला लाइनअप लावणं म्हणतात. माझ्या नवऱ्याने मोठ्या हौसेने एक टीम घेतली आणि दोन आठवड्यांत ती माझ्या गळ्यात घातली. तेव्हापासून मी टीम क्रमांक पाच. सभेत काका मला याच नावाने हाक मारतात. सभा संपली की पुन्हा "अगं, चहा घेतेस ना?"

सभा म्हणजे खरोखरीची सभा. काका अमेरिकेत येण्यापूर्वी पुण्यात तिशीच्या आतच एका गृहनिर्माण सोसायटीचे सेक्रेटरी होते, आणि ते पद त्यांच्या अंगातून अजून उतरलेलं नाही. लीग सुरू झाली तेव्हा नियमांचं एक पान होतं. काका कमिशनर, म्हणजे लीगचे प्रमुख, झाले आणि त्या पानाची तेवीस पानी घटना झाली, परिशिष्टं वेगळी. मूळ प्रत मराठीत. इथे जन्मलेल्या पोरांना वाचता येत नाही म्हणून इंग्रजी भाषांतर आहे, पण पहिल्याच पानावर लिहिलंय की अर्थाविषयी वाद झाल्यास मराठी प्रत ग्राह्य धरावी. बाकावर पाच खेळाडू असावेत की सहा, यावर आम्ही एकदा गणपतीच्या आरतीपासून प्रसादापर्यंत भांडलो आहोत. जखमी खेळाडूंसाठी जागा दोन की तीन, हा प्रश्न तर इंडियन स्टोअरमध्ये सुटला. मी मेथी निवडत होते, टीम क्रमांक दोन भेंडी मोडून बघत होते, तेवढ्यात काका ट्रॉली आडवी लावून म्हणाले, "आपण तिघे उपसमितीचे सदस्य आहोत. तिघेही हजर आहेत. सभा सुरू झाली असं मी जाहीर करतो." मागे एक बाई कोथिंबिरीसाठी ताटकळत होती. तिलाही त्यांनी निरीक्षक म्हणून थांबवून घेतलं.

त्या दिवशी तीन जागा मंजूर झाल्या आणि काकांनी तो ठराव घरीही लागू केला. त्यांच्या गॅरेजच्या कोपऱ्यात एक फळी आहे, तिच्यावर चिकटपट्टीने 'जखमी यादी' असं लिहिलंय. मोटर जळलेला मिक्सर, दांडा तुटलेलं बर्फ उपसायचं फावडं आणि एक पट्टा नसलेलं घड्याळ, असे तिघे तिथे बरे व्हायची वाट पाहतात. चौथी वस्तू मोडली की आधीच्या तिघांपैकी एकाला बाहेर काढावं लागतं, आणि त्यावर नवरा-बायकोत चर्चा होते. काकू म्हणतात, "माझी कंबर धरली तेव्हा मी विचारलं, मला घालताय का फळीवर? तर म्हणाले, जागा नाही गं." काकू हसतात तेव्हा काकाही हसतात, पण जरा उशिरा, इतिवृत्तात नोंद करून झाल्यासारखे.

काकांच्या टीमला दुसरा मालक आहे, त्यांचा मुलगा. तो तिकडे कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला एका टेक कंपनीत आहे. तिशी ओलांडलेला, एकटा राहणारा, गोड मुलगा. मराठी सगळं समजतं, बोलताना अर्ध्यावर इंग्रजीत घुसतो. दर रविवारी काकू त्याच्याशी व्हिडिओवर तासभर बोलतात. काका त्या तासात फोनसमोर येतात, "काय, बरं आहे ना?" विचारतात, तो "हो बाबा" म्हणतो, आणि काका फोन परत काकूंच्या हातात देतात. मी हे बऱ्याचदा पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, कसला हा कोरडा बाप! ऑक्टोबर ते मार्च, बेसबॉल नसतं तेव्हा, काका फार गप्प असतात. आम्हाला वाटायचं, थंडी सोसत नसेल.

आता माझ्या गुन्ह्याकडे येते. लाइनअप रोज लावावी लागते, आणि सकाळी माझ्याकडे डबे, शाळेची बस आणि साडेआठची मीटिंग अशी रांग असते. माझी मुलगी सीरियल खाता खाता मला सांगते, "आई, युअर बेस्ट गाय इज ऑन द बेंच अगेन." वैतागून मी जूनमध्ये ठराव पाठवला: जुलैमध्ये बेसबॉलला चार दिवस सुट्टी असते, तिच्यानंतर लाइनअप आठवड्यातून एकदाच, सोमवारी लावावी. मला वाटलं होतं, सगळे माझा सत्कार करतील. चौघांनी केलाही. काकांनी मात्र नऊ पानी हरकत पाठवली. रोजची लाइनअप हा लीगचा प्राण आहे, साप्ताहिक पद्धतीने जखमी खेळाडूंवर अन्याय होतो, सोसायटीत पाणी आठवड्यातून एकदा सोडलं असतं तर चाललं असतं का, वगैरे. मी चिडले. काकांचं वय झालं, बदल सोसत नाही, असं मी नवऱ्याला म्हणालेही. त्याची आज लाज वाटते.

सभेच्या आधीच्या बुधवारी मी घरूनच काम करत होते. म्हटलं, जाऊन काकांना शांतपणे समजावू. सव्वादहाला त्यांच्या स्वयंपाकघरात पोचले तर काका टेबलाशी वही, पेन्सिल आणि फोन मांडून बसलेले. मला बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं. फोन वाजला, काकांनी स्पीकर लावला. सांता क्लाराला सव्वासात वाजले होते आणि मुलगा गाडीतून ऑफिसला निघाला होता.

"बोल. आज डावखुऱ्याला बसवू का?"

"बसवा बाबा. ही इज टायर्ड."

"आणि दाढीवाला?"

"प्ले हिम."

वहीत दोन खुणा झाल्या. काम दीड मिनिटात संपलं होतं. मग काका पेन्सिल खाली न ठेवता, वहीतच बघत म्हणाले, "काल जेवलास का नीट?"

"हो. राजमा केला होता."

"गाडीचं ऑइल चेंज?"

"शनिवारी करतो. बाबा, तुमचं बीपी?"

"बरं आहे. परवा जरा वर होतं. आईला बोलू नकोस." मग कितीतरी वेळ फोनमधून रस्त्याचा आवाज येत होता आणि काका तो ऐकत होते. शेवटी मुलगा म्हणाला, "ओके, पार्किंगमध्ये आलो. उद्या बोलू." काकांनी फोन ठेवला, घड्याळ पाहिलं आणि वहीच्या समासात लिहिलं: अकरा मिनिटं.

काकू इतका वेळ ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, बीपीचं ऐकलंच नाही अशा. न वळता म्हणाल्या, "कामाशिवाय फोन करायचा म्हणजे काय बोलायचं, ते कळत नाही गं त्यांना. कधीच कळलं नाही." मी समजवायला आले होते, ते सगळं विसरले आणि भडाभडा म्हणाले, "काका, मी ठराव मागे घेते. मला रोजची लाइनअपच हवीय."

काकांचा चेहरा क्षणभर उजळला. अगदी स्पष्ट उजळला, मी पाहिलं. मग तो सेक्रेटरीचा झाला. "नाही घेता येणार. अजेंडा निघालाय. अजेंड्यावर आलेला ठराव सूचकाला मागे घेता येत नाही. कलम सात."

"पण मीच मांडलाय ना! माझं मन बदललं."

"मन बदलायला हरकत नाही. त्याची तरतूद मतदानात आहे."

"काका, कलम सात तुम्हीच लिहिलंय!"

"म्हणूनच," काका म्हणाले, आणि त्यांनी मला चहा विचारला.

शनिवारी त्यांच्या बेसमेंटमध्ये सभा भरली. आठ टीम, आठ मतं; मतं समान पडली तर ठराव फेटाळला जातो. सूचक म्हणून मी उभी राहिले आणि माझ्याच ठरावाविरुद्ध मत दिलं. लोक इतके हसले की टीम क्रमांक दोनच्या हातातला चिवडा सांडला. नागपूरचे एक गृहस्थ आहेत, ते कुठल्याही बदलाच्या विरुद्धच असतात. टीम क्रमांक दोन काकांचे जुने मित्र, तेही विरुद्ध. म्हणजे बाजूने चार, विरुद्ध तीन. आता राहिली काकांची टीम. ते मत विरुद्ध पडलं की चार-चार, आणि ठराव गेला. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

मुलगा लॅपटॉपच्या पडद्यावर होता. काकांनी त्याला रीतसर विचारलं, "सहमालक, आपलं मत?"

"बाबा, वीकली करूया ना," तो इतक्या प्रेमाने म्हणाला, की त्याला रागवायचीही सोय नव्हती. "तुम्ही रोज सकाळी एवढं डोकं खपवता. यू नीड अ ब्रेक. आठवड्यातून एकदा करू, दॅट विल बी ईझियर फॉर यू."

बेसमेंटमध्ये कोणाला काही कळलं नाही, कारण कोणाला काही माहीतच नव्हतं. मी उभी राहिले. "काका, त्याला सांगा ना, की तुम्हाला..."

काकांनी हात वर केला. "टीम क्रमांक पाच, मतदान चालू असताना मतदारावर दबाव आणता येत नाही. खाली बसा." मग त्यांनी घटना उघडली. खरं तर त्यांना ती पाठ आहे. "कलम अकरा. सहमालकांत एकमत नसल्यास त्या टीमचं मत बाद. माझं मत विरुद्ध आहे, सहमालकाचं बाजूने आहे. मत बाद. चार विरुद्ध तीन, ठराव मंजूर." सही करताना त्यांचं पेन चाललं नाही, म्हणून त्यांनी माझं घेतलं. पडद्यावर मुलगा अंगठा दाखवून हसत होता.

जुलैच्या सुट्टीनंतर सोमवारी फोन झाला. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. काकूंनी सांगितलं की काका रोज सव्वादहाला वही घेऊन बसतात, लावलेलीच लाइनअप पुन्हा वाचतात आणि उठून गॅरेजमध्ये जातात. काम नसताना मुलाला फोन करून त्रास देणं हे त्यांच्या कुठल्याच कलमात बसत नव्हतं. मी मुलाला मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. काय लिहिणार? तुझ्या बाबांना तू हवा आहेस, असं तिसऱ्या माणसाने सांगितलेलं काकांना खपलं नसतं. मग मीच दर गुरुवारी सव्वादहाला काकांना फोन करायला लागले. "काका, दाढीवाल्याला खेळवू का?" "अगं, लाइनअप लॉक आहे. शिवाय दाढीवाला माझ्याकडे आहे." एवढं बोलून ते दहा मिनिटं दाढीवाल्याबद्दल सांगत. मी मुकाट ऐकायची. पण मी काही सांता क्लाराला राहत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

सीझन संपला. काकांची टीम सहावी आली. ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी बेल वाजली, दारात काका, बगलेत फाइल. मार्चच्या वार्षिक सभेचा अजेंडा त्यांनी आत्ताच तयार केला होता. ठराव क्रमांक एक: लाइनअप पुन्हा रोज लावण्यात यावी. सूचकाची जागा कोरी होती.

"कमिशनरला ठराव मांडता येत नाही. कलम तीन," ते माझ्या नजरेला नजर न देता म्हणाले. मी तिथेच दाराशी उभ्याउभ्या सही केली. त्यांनी ती फुंकर मारून वाळवली, बॉलपेनची असूनही.

"आणि अनुमोदक?" मी विचारलं. "नागपूरकर बदल म्हटला की विरोधच करतील. टीम दोनना विचारू?"

"नको. आमच्या सहमालकाचं नाव घालावं म्हणतो."

"पण काका, कमिशनरच्या टीमचा सहमालक अनुमोदन देऊ शकतो का?"

काकांनी फाइल छातीशी धरली. तेवीस पानं त्यांना पाठ आहेत, आणि त्यातल्या एकाही पळवाटेतून हा माणूस आजवर गेलेला नव्हता.

"त्यावर घटनेत काही म्हटलेलं नाही," ते हळूच म्हणाले. "विचारतो त्याला. समजावून सांगायला वेळ लागेल जरा. उद्या सव्वादहाला फोन करतो."